एक चमचा नळाचं पाणी

गजानन भिया,

तुम्ही हे वाचणार नाही. आधीच लिहून टाकते, नाहीतर रविवारी पराग पहिल्याच ओळीला अडवेल, "आजीजी, जो माणूस नाही त्याला पत्र कसलं लिहिता?" बरोबर आहे त्याचं. तुम्ही वर कुठे नाही, खाली कुठे नाही. तुमचा देह मेडिकल कॉलेजात आहे आणि त्यातही तुम्ही नाही. सहा वर्षं आपण दुसरं बोललो काय? पण 'तुम्ही' म्हटल्याशिवाय माझं वाक्य उठतच नाही, बसून राहतं. सकाळपासून तीन कागद फाडले. एकात लिहिलं होतं, 'गजानन भिया शांत आणि मनमिळाऊ स्वभावाचे होते.' माझं मलाच हसू आलं. तुम्ही आणि शांत! जिन्यात मांजर आडवं बसलं तर त्याच्याशी मुद्देसूद वाद घालणारा माणूस.

दिवस मोजायचे नाहीत असं आपलं ठरलं होतं. मी मोजले. आज बारावा.

रविवारच्या पोह्यांच्या बैठकीत तुमच्याबद्दल मी लिहून वाचायचं, असं ग्रुपनं ठरवलंय. जन्म कुठे, रेल्वेत किती वर्षं, नातवंडं किती, हे सगळं तुमच्या मुलानं, केतननं पेपरात दिलंच आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सोडून बाकी सगळं सांगावंसं वाटतंय. आत्ताच उठून कुकर लावला की नाही ते बघून आले. लावला नव्हता. लावला. परत बसले.

बैठकीला कोणी नवे येतील, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या नास्तिकांच्या ग्रुपचं नाव 'रिकामा देव्हारा', आणि तो देव्हारा माझा. त्यात मोबाइलचं चार्जर आणि बीपीच्या गोळ्या असतात. माझ्या नातीनं, सईनं, मला ग्रुपमध्ये घातलं आणि ओळख म्हणून त्याचा फोटो टाकला. सगळ्यांनी 'वेलकम आजीजी' केलं. तुम्ही तेवढे विचारलंत, "आरती किती टक्क्यांना करता?"

मी लिहिलं, "वीस टक्क्यांना. बारा झाले तर महाआरती."

तिथून आपलं जुळलं. त्याआधी ग्रुपचं नाव काहीतरी भारदस्त होतं, विवेक की विचार असं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बदलून टाकलंत.

आणि तुमचं ते 'आजचं दर्शन'. दुनियाभरचे ग्रुप सकाळी फुलं आणि देव पाठवतात, तर तुम्ही साडेसहाला टेबलावर जे पडलेलं असेल त्याचा फोटो पाठवायचात. आजचं दर्शन: अर्धं लिंबू. आजचं दर्शन: पकड, चिमटा नव्हे. एकदा नुसती पोछ्याची काठी. ऋतुजा भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये भौतिकशास्त्र शिकवते, सकाळच्या बॅचला जाता जाता ती लिहायची, "भिया, दर्शन झालं, प्रसाद?" तुम्ही लिहायचात, "शेव संपली, श्रद्धा ठेव." आणि लगेच स्वतःच, "'श्रद्धा' विनोदानं वापरलेला शब्द आहे, विकेट धरू नये."

विकेटबद्दलही सांगायला हवं, कारण माझी गोष्ट तिथेच अडकली आहे. तुमचा नियम असा की ग्रुपवर कुणाच्या बोटांतून देव, नशीब, कृपा, शप्पथ असलं काही निसटलं, की तो आउट. तुम्ही वर केलेलं बोट टाकायचात. आउट झालेल्यानं दिवसभर ग्रुपवर तोंड उघडायचं नाही. दिवे लागले की तुम्ही लिहायचात, "आ जाओ," मग पुन्हा बोलायचं. पराग 'नशीब, बस मिळाली' लिहून आउट झाला आणि नशीब म्हणजे निव्वळ संभाव्यता असते यावर पुढे दोन दिवस भांडला. पुण्याहून इंदूरला नोकरीला आलेला माणूस, तो हरेल कसा! तुम्ही म्हणालात, "भिया, मतलब संभाव्यता असेल, पण पकडला गेलास ना?" त्यावर तो, "'मतलब' हा मराठी शब्द नाही." त्यावर मी, "अरे देवा, आता हा भाषेवर घसरला." आणि पाच सेकंदांत तुमचं बोट. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत घरात फेऱ्या मारल्या होत्या. सई म्हणाली, "आजी, देव सुटला पण ग्रुप सुटत नाही तुझा."

तुम्ही स्वतः सहा वर्षं नाबाद. ग्रुपच्या माहितीत तसं लिहूनच ठेवलं होतंत, गजानन, नाबाद. त्यावर मी नंतर येते.

चहा केला होता, गार झाला. राहू दे.

मी तुम्हाला माझ्या तरुणपणाचे किस्से सांगायची आणि तुम्ही शालिनी वहिनींना वाचून दाखवायचात, हे मला वहिनींनी परवा सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी मी सोळा सोमवार केले होते, नवऱ्याकडे स्कूटर असावी म्हणून. सतराव्या सोमवारी स्थळ आलं, सायकलचं. ती मुलगी बावळट होती, पण तिच्यात पाप नव्हतं. मला राग येतो तो त्यानंतरच्या बाईचा. तीस वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवणारी, वाचनालयात एक व्याख्यान ऐकून नास्तिक झालेली आणि झाल्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाला ते ऐकवणारी. भाजीवाल्यालाही सोडायची नाही. काय तिची मान, काय तो चष्मा! आज पलासियाच्या चौकात भेटली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन, तेवढ्या ट्रॅफिकमध्ये.

त्या बाईची एक गोष्ट मी ग्रुपवर मोठ्या ऐटीत लिहिली होती. माझ्या सासूबाई शेवटच्या आजारात होत्या. फळीवर गंगेचा गडू होता, मोहरबंद, त्यांच्या आईनं दिलेला. त्या म्हणाल्या, "सूनबाई, तो फोड गं, दोन थेंब दे." मी आत गेले आणि उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं आणून दिलं. त्यांनी घेतलं आणि विचारलं, "गडू फोडलास ना?" तर ही विज्ञानाची बाई म्हणाली, "नाही. किती वर्षांचं पाणी ते, जंतू असतात. हे उकळलेलं आहे." सासूबाई भिंतीकडे तोंड करून वळल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या, तशाच वळलेल्या.

ग्रुपवर लिहिताना मी शेवटी लिहिलं होतं, 'मरणाच्या दारातही मी खोटं बोलले नाही.' काय टाळ्या पडल्या! परागनं ते जपून ठेवलं. ऋतुजा म्हणाली, "आजीजी, तुम तो शेरनी हो." आणि तुम्ही, कुणालाही न सोडणारे अंपायर, ग्रुपवर गप्प. दुपारी मला वेगळा मेसेज आला. एकच ओळ.

"आजीजी, हे तुम्ही जिंकलं नाहीत."

मी फणकारले. लिहिलं, "म्हणजे मी गडू फोडायला हवा होता?"

"मी असतो तर फोडला असता."

"वा! अंपायरच आउट!"

"पाणी त्यांनी मागितलं. तोंड त्यांचं. तोंड ज्याचं, हक्क त्याचा. यात देव कुठे आला?"

दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. मग कळलं की राग तुमचा नव्हता. शेहेचाळीस वर्षांत मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, नणंदेनं नाही. ज्यांना सांगायचं होतं त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. तुम्ही सांगितलंत. त्याबद्दल धन्यवाद म्हणायचे राहिले. रोज वाद घालणाऱ्याला धन्यवाद कधी म्हणणार, सांगा. वादात खंड पडला तर ना!

त्यातूनच तो कागद निघाला. तुम्ही म्हणालात, "माझ्या वेळी माझं तोंड माझं राहील याची काळजी कोणीतरी घ्यायला हवी. शालिनी भाविक, केतन मऊ. तुम्ही घ्या." मी म्हटलं, "मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठी. आधी मीच जाणार." तुम्ही म्हणालात, "मग तुमची मी घेतो. जो राहील तो बघेल." स्नेहलतागंजला तुमच्या घरी वहिनींनी केलेली साबुदाण्याची खिचडी खात तुम्ही तो लिहिलात. वहिनींची एकादशी होती. उपवास त्यांचा, खिचडी तुमची, हे नेहमीचंच. कागद माझ्यापुढे आहे. देह मेडिकल कॉलेजला द्यावा. तोंडात पाणी, तुळस, सोनं काहीही घालू नये. आयुष्यभर हवं ते खाल्लेलं आहे. रडायला हरकत नाही, पण गाऊन रडू नये. शंका आल्यास आजीजींना विचारावं.

खाली तुमची सही, साक्षीदार म्हणून माझी.

त्या दिवशी तिथेच मी तुम्हाला विचारलं होतं, "भिया, तोंड ज्याचं, हक्क त्याचा, कबूल. पण हात ज्याचा, त्याचं काहीच नाही का?" वहिनी तेव्हा आत फोडणी देत होत्या. तुम्ही चमचा थाळीत ठेवलात, विचार केलात. ओठाला कोथिंबीर चिकटलेली होती, नेहमीसारखी. म्हणालात, "उद्या बोलू." मग आपण महिनोन् महिने बोलत राहिलो आणि तुम्ही दर वेळी इथे आलात की म्हणायचात, उद्या बोलू. जाण्याच्या आदल्या रविवारीही पोह्यांवर शेव भुरभुरवत तेच म्हणालात.

तो उद्या आला तेव्हा सात वाजून गेले तरी 'आजचं दर्शन' नव्हतं. आदल्या दिवशी वहिनींची एक जांभळी चप्पल होती, खाली 'दुसरी कुत्र्यानं नेली, शोध चालू'. मला वाटलं तुम्ही शोधातच असाल. पावणेआठला तुमच्या नंबरवरून फोन आला. खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत होती, म्हणून मी ओरडूनच म्हटलं, "काय भिया, आज देव उशिरा उठले काय?"

पलीकडे वहिनी होत्या. म्हणाल्या, "आजीजी, हे उठत नाहीयेत."

भिया, त्या वाक्याचं मी काय करू? सांगा ना. तुम्ही असतात तर त्यावर हसला असतात, आधी हसला असतात आणि मग विचारलं असतंत, शालिनी काय म्हणाली मग. मी रिक्षात बसले तेव्हा पायात वेगवेगळ्या चपला होत्या. पर्समध्ये तुमचा कागद होता. रिक्षावाला विचारत होता, "अम्मा, अस्पताल चलूँ क्या?" माझा चेहराच तसा झाला असावा.

पोचले तेव्हा खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन सांगून गेले होते. केतन गॅलरीत कॉलेजच्या लोकांशी फोनवर बोलत होता. गाडी तासाभरात येणार होती. मला बघून म्हणाला, "काकू, बाबांनी सांगितलंय तसंच करायचं. तुम्ही आहात ना, बस." आणि परत फोनवर. आतल्या खोलीत तुम्ही, वहिनी आणि मी. वहिनींच्या हातात वाटी होती. वाटीत चमचा, वर तुळशीचं पान.

मी पर्स उघडली, कागद काढायला. त्या म्हणाल्या, "काढू नका. मला पाठ आहे तो. खिचडी वाढत होते ना मी तेव्हा." मग खाली बघून, अगदी हळू, पण न थांबता बोलल्या. पन्नास वर्षांत त्यांना एका दमात इतकं बोलताना कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही. "चातुर्मासात कांदा हवा म्हणाले, मी म्हटलं बरं. सत्यनारायण नको, बरं. केतनची मुंज नको, तेही बरं. देह द्यायचा, बरंच आहे, पोरं शिकतील. मी कशालाच नाही म्हटलं नाही. हा एक चमचा मात्र... आजीजी, नको तर नको म्हणा. शंका आली की तुम्हाला विचारायचं, असं लिहिलंय ना त्यांनी? मला शंका आली. विचारतेय. नको म्हणालात तर वाटी ठेवून देईन, भांडणार नाही."

मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, "पाणी कुठलं?" का विचारलं कोण जाणे. (बघा, 'देव' नाही, 'कोण' लिहिलं.) शिक्षकी खोड, दुसरं काय. हातात काही नसलं की प्रश्न विचारायचा.

"नळाचं," वहिनी म्हणाल्या. "ओंकारेश्वरहून आणलेली बाटली संपली मागच्या महिन्यात. हेच म्हणायचे ना, नळालाही नर्मदाच येते."

म्हणायचात. ग्रुपवर किती वेळा म्हणालात! इंदूरची जनता नर्मदेच्या पाण्यानं संडास धुते आणि मग गाडीभाडं करून नर्मदेचं पाणी आणायला जाते. आम्ही हसून लोटपोट. वहिनी तुमचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि विनोदातला हसण्याचा भाग बाजूला ठेवून उरलेलं खरं मानायच्या, हे तुम्हाला कधी कळलं होतं का? मला तेव्हा कळलं.

मी 'नको' म्हणणार होते. शपथ घ्यायची सोय नाही, पण खरंच म्हणणार होते. शब्द दिला होता. आणि मला सासूबाईंची पाठ दिसली. लुगड्याची, हातशिलाईनं सांधलेली पाठ. मी म्हटलं, "घाला, वहिनी."

चमचा वाटीवर वाजायला लागला. मी त्यांचं मनगट धरलं. म्हणजे पाणी वहिनींनी घातलं असं सांगायला जागा नाही, दोघींनी घातलं. अर्धं आत गेलं, अर्धं हनुवटीवरून गळ्यात. मी पदरानं टिपलं. तुळशीचं पान खालच्या ओठावर राहिलं, कोथिंबीर राहायची तसंच. वहिनींनी एका बोटानं आत सारलं. मग त्या रडल्या. गाऊन नाही. कागदातलं तेवढं आम्ही पाळलं.

गाडी आली. तुम्ही गेलात.

इथपर्यंतचं मी तुमच्यापुढे मांडू शकते, वाद घालू शकते. तुम्ही म्हणाल शब्द मोडला, मी म्हणेन हो, मोडला. सकाळी मला त्याचा पश्चात्ताप असतो, दुपारी जेवल्यावर नसतो, संध्याकाळी पुन्हा येतो. पण त्यापुढचं जे आहे त्याला कुठल्याच वेळी माझ्याकडे उत्तर नाही.

परतताना रिक्षात फोन वाजला. ग्रुपवर पराग. "आजीजी, सगळं भियांच्या इच्छेप्रमाणे झालं? एकही विधी नाही ना?"

मी लिहिलं, "नाही."

एवढंच. रिक्षा रेल्वे स्टेशनच्या वळणावर होती. लिहून फोन पर्समध्ये टाकला, तुमच्या कागदाशेजारी. घरी येऊन बघते तर टाळ्याच टाळ्या. 'आजीजींनी शेवटपर्यंत तत्त्व पाळलं.' 'असे मित्र हवेत.' परागनं लिहिलं, "एका भाविक घरात एक थेंबही पाणी न घालता देहदान. हे उदाहरण आहे." आणि जुना, सासूबाईंचा किस्सा शोधून पुन्हा वर टाकला.

गंमत बघा भिया. मरणाऱ्या म्हातारीला एक गोड खोटं हवं होतं, तर ते मी दिलं नाही. आणि धडधाकट, शिकल्यासवरल्या लोकांना खरं हवं होतं, तर त्यांना खोटं दिलं. एकदा मागितलेलं पाणी दिलं नाही, एकदा नको म्हटलेलं पाजलं. दोन्ही वेळा चमचा माझ्याच हातात. ती तीस वर्षांची शहाणी मला उगाच हसण्यासारखी वाटायची. ती कुठे गेलेलीच नव्हती. टाळ्या ऐकल्या की उठून उभी राहते अजून.

तरीही मी गप्पच राहिले असते. खरं सांगते. म्हटलं, वहिनींनी कुणाला सांगायचं नाही, मी सांगायचं नाही, आणि तिसरे तुम्ही. पण परवा ऋतुजा आली. हातात देहदानाचा फॉर्म, चेहरा उजळलेला. चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. "आजीजी, पापा मान गए! म्हणजे मानले नाहीत, पण पहिल्यांदा चूप बसले. ते म्हणत होते, तुझ्या आईला काय वाटेल, शेवटी घरच्यांचं मन मोडतंच. मी म्हटलं, हे स्नेहलतागंजच्या काकूंना विचारा, इतक्या भाविक, तरी एक थेंब पाणी नाही घातलं. आजीजी स्वतः तिथे होत्या. पापा एकदम चूप!"

मी तिला चिवडा दिला. पाणी दिलं. नळाचंच. तिनं गटागटा पिऊन ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही नसतात ना आजीजी, तर मला जमलंच नसतं." मी म्हटलं, "चिवडा अजून घे."

ती गेल्यापासून मी बसू शकत नाही. खुर्चीत बसते, उठते. कपाट आवरलं, आवरलेलंच पुन्हा आवरलं. देव्हाऱ्यातलं चार्जरसुद्धा पुसून ठेवलं. सई म्हणाली, "आजी, तू काय शोधतेयस?" मी एक पळवाट शोधत होते, भिया. पाणी नळाचं होतं, म्हणजे विधी झालाच नाही, ही एक. मेलेल्या माणसाला हक्क कसला, तो नाहीच, ही दुसरी, आणि ती तर आपल्या ग्रुपला साजेशी. दोन्ही तुमच्यापुढे मांडून बघितल्या. तुमचा आवाज मला पाठ आहे. "आजीजी, पाणी कुठलं ते नका सांगू. त्या पोरीला काय सांगितलंत ते सांगा."

तर आता सांगते. ऋतुजा, तू समोर बसली असशील. बेटा, काकूंनी पाणी घातलं. मी त्यांचा हात धरला होता. तुळसही होती. आणि देह तरीही कॉलेजला गेला, त्याच गाडीत, ठरल्या वेळी. तुझ्या पापांना हे सांग, आजच सांग. ते म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हतो? म्हणू दे. मग भांड. पण खऱ्यावर भांड. आईला विचार तिला काय हवं आहे; तुझ्या काकूंना कोणी विचारलं नव्हतं, पन्नास वर्षं. पराग, तो जुना किस्सा काढून टाक. ज्यात मी जिंकले असं मला वाटलं होतं, तो.

आणि भिया, तुमच्याबद्दलही एक. वहिनी पलासियाच्या क्लिनिकमध्ये ऑपरेशनला होत्या ते आठवतं? तुम्ही बाहेरच्या बाकावर होतात, मी घरी फोन धरून बसले होते. ग्रुपवर तुमचा एक मेसेज आला आणि दहा सेकंदांत पुसला गेला. बाकी कोणी पाहिला नसावा. मी पाहिला होता. एकच शब्द होता, आणि तो आपल्या नियमात बसणारा नव्हता. मी बोट वर केलं नाही. तुम्हालाही बोलले नाही. किती वेळा जिभेवर आलं होतं, विशेषतः तुम्ही नाबाद म्हणून मिरवायचात तेव्हा! पण म्हटलं, असू दे. वाटलं, हात ज्याचा त्याचं काय, या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला त्या बाकावर मिळून गेलंय. फक्त 'उद्या बोलू' मध्ये ठेवलंय. ग्रुपनं तुमचं नाबाद काढू नये अशी माझी शिफारस आहे. अंपायरनं दिलं नाही ते आउट नसतं.

माझं मात्र मीच देते. चमच्याबद्दल नाही, त्याचा निकाल तुमच्या-माझ्यात राहू दे, अनिर्णित. त्या 'नाही'बद्दल. नियमात खोट्यासाठी विकेट लिहिलेली नाही, तुम्हाला गरज वाटली नसेल. मला वाटते. रविवारी हे वाचून झालं की मी बोट वर करीन, स्वतःवरच, आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एक अक्षर लिहिणार नाही. पोहेसुद्धा गप्प खाईन. ऋतुजा रागावून उठून गेली तर तिला थांबवणारही नाही.

दुपार फेऱ्या मारण्यात जाईल. मग दिवे लागतील. सवयीनं मी फोन हातात घेईन आणि तुमचं 'आ जाओ' आलं का ते बघेन. येणार नाही. मला ते पक्कं ठाऊक आहे, तुमच्याइतकंच पक्कं. तरी बघणार, भिया.

ती माझी दुसरी विकेट. तीही मांडून ठेवा.